जमीन कोणाची, वाडा कोणाचा: फिनलंडच्या लोउहिसारीची गोष्ट

फिनलंडमध्ये राजवाडे शोधायला गेलात तर हाती फारसं काही लागत नाही. या देशाला स्वतःचं राजघराणं कधी नव्हतंच. कित्येक शतकं तो स्वीडनच्या राज्याचा पूर्वेकडचा भाग होता. 1809 पासून तो रशियाच्या झारच्या हाताखालची स्वायत्त ग्रँड डची, म्हणजे एक प्रकारचं संस्थान झाला आणि 6 डिसेंबर 1917 रोजी स्वतंत्र झाला. राजे नेहमी समुद्रापलीकडे नाहीतर सरहद्दीपलीकडे राहिले. गावकऱ्यांना सत्ता डोळ्यांसमोर दिसायची ती उमरावांच्या वाड्यांच्या रूपात.

असाच एक वाडा नैऋत्य किनाऱ्यावर, तुर्कू शहरापासून साधारण 30 किलोमीटरवर, आस्काइनेन या छोट्या गावात आहे. फिनिश लोक त्याला लोउहिसारी म्हणतात, स्वीडिश बोलणारे विल्नेस. आजची मुख्य इमारत 1655 मध्ये पूर्ण झाली. तीन मजली, दगडी, समोर अंगण, अंगणाच्या दोन्ही बाजूंना छोट्या इमारती, मागे मोठी बाग. युरोपातल्या थोरल्या महालांच्या मानाने हे बांधकाम लहानच वाटेल. पण 17व्या शतकातल्या फिनलंडमध्ये घरं म्हणजे ओंडक्यांची, एकमजली, बुटकी. अशा मुलखात हा वाडा किती वेगळा दिसत असेल याची कल्पना करा. त्या काळातले असे दगडी उमरावी वाडे आज तिथे मोजकेच उरले आहेत.

लोउहिसारीचं नाव बहुतेकांना एकाच कारणाने माहीत असतं. पुढे देशाचे सेनापती आणि राष्ट्राध्यक्ष झालेले फिनलंडचे मार्शल कार्ल गुस्ताफ एमिल मॅनरहाइम 4 जून 1867 रोजी इथे जन्मले. त्यामुळे सगळी गोष्ट त्यांच्याभोवती फिरते, आणि मला ते अपुरं वाटतं. मार्शल जन्मले तेव्हा वाडा दोनशे वर्षांहून जुना होता आणि ते तेरा वर्षांचे झाले तोवर वडिलांच्या हातून गेलाही होता. हा वाडा उभा कसा राहिला आणि एका हातातून दुसऱ्या हातात कसा गेला हे समजून घ्यायचं असेल, तर आधी जमिनीचा आणि साऱ्याचा हिशेब समजून घ्यावा लागतो. मालकांचे स्वभाव, त्यांचं शौर्य, त्यांचे घोटाळे हे सगळं त्यानंतर.

साऱ्यातली सूट आणि घोडेस्वार

सुरुवात 1280 च्या सुमाराला होते. स्वीडनचा राजा माग्नुस याने एक फर्मान काढलं. जो कोणी स्वतःच्या खर्चाने घोडा, चिलखत आणि स्वार पुरवून राजाची चाकरी करेल, त्याच्या जमिनीला सारा माफ. राजाकडे रोख पैसा कमी होता आणि लढाया बऱ्याच होत्या, म्हणून ही तोड निघाली. या माफीतूनच तिथला उमराव वर्ग तयार झाला. आधी माणूस स्वार पुरवत होता म्हणून त्याला सूट होती. हळूहळू ती सूट घराण्याची झाली आणि स्वाराची अट मागे पडत गेली.

उमरावाच्या हातात जमीन तीन तऱ्हांनी असायची. हा फरक लक्षात ठेवला की पुढची दोनशे वर्षं आपोआप उलगडतात.

पहिली, वाड्याभोवतीची खुद्द शेती. तिच्यावर कसलाच कर नाही. ती कसायला गडी, मजूर आणि आसपासची कुळं. दुसरी, उमरावाच्या मालकीची पण कुळांनी कसलेली शेतं. कूळ राजाला इतरांपेक्षा बरंच कमी देत असे. ते उमरावाला धान्य, लोणी, सरपण आणि मजुरीचे दिवस देई. तिसरी तऱ्हा सगळ्यात महत्त्वाची. राजा एखाद्या उमरावाला खूश होऊन, किंवा थकलेल्या पगारापोटी, एखाद्या मुलखाचा वसूल तोडून द्यायचा. तिथला शेतकरी आपल्या शेताचा मालकच राहायचा, पण त्याचा सारा राजाच्या खजिन्याऐवजी उमरावाकडे जायचा. आपल्याकडे इनाम गावाचा वसूल इनामदाराकडे जायचा, त्याच्याशी हे बरंच जुळतं.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. रशियातल्यासारखी भूदासांची पद्धत फिनलंडमध्ये कधी रुजली नाही. शेतकऱ्याला जमिनीसकट विकता येत नसे, आणि स्वीडनच्या राजसभेत शेतकऱ्यांचा स्वतंत्र चौथा वर्ग बसत असे. याचा अर्थ जाच नव्हता असा नाही. पण शेतकऱ्याला तक्रार करायला जागा होती, आणि या वाड्याच्या कहाणीत त्या तक्रारीने मोठं काम केलं.

फ्लेमिंग: तीनशे वर्षांचे धनी

15व्या शतकाच्या मध्यापासून 1795 पर्यंत लोउहिसारी फ्लेमिंग घराण्याकडे होतं. हे घराणं फिनलंडमधल्या सगळ्यात बलाढ्य घराण्यांपैकी एक. त्याच्या अनेक शाखा होत्या. आपल्याला इथे दोन माणसं पुरेशी आहेत, बाप आणि मुलगा.

बाप म्हणजे अॅडमिरल क्लास फ्लेमिंग, जन्म 1592. स्वीडनचं आरमार शिस्तीत आणण्याचं बरंच श्रेय त्याला जातं. त्याचं नाव मात्र एका अपघातामुळे जास्त घेतलं जातं. 1628 मध्ये स्टॉकहोममध्ये 'वासा' नावाची प्रचंड युद्धनौका तयार होत होती. ती डगमगते अशी कुजबुज होती, म्हणून क्लास फ्लेमिंगसमोर चाचणी झाली. तीस माणसं डेकवर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकदम पळवायची आणि जहाज किती कलतं ते बघायचं. तिसऱ्या फेरीलाच जहाज इतकं झुकायला लागलं की चाचणी थांबवावी लागली. तरीही 10 ऑगस्टला वासा निघाली आणि जेमतेम तेराशे मीटर जाऊन बुडाली. राजा गुस्ताव आडोल्फ लढाईवर होता आणि जहाज लवकर हवं म्हणून त्याचा तगादा सुरू होता. चौकशी झाली, शिक्षा कोणालाच झाली नाही.

क्लासचा शेवट समुद्रावरच झाला. 1644 च्या उन्हाळ्यात डेन्मार्कशी युद्ध चालू असताना स्वीडिश आरमार कीलजवळच्या खाडीत अडकलं होतं. किनाऱ्यावरून डॅनिश तोफा मारा करत होत्या. सकाळी आपल्या खोलीत तोंड धूत असताना एक गोळा आत घुसला आणि त्याचा पाय उडाला. तो वाचला नाही.

मुलगा हेर्मन फ्लेमिंग, जन्म 1619. आजचा वाडा त्याने बांधला. त्याआधी, 1653 मध्ये, त्याने आस्काइनेनचं दगडी चर्चही उभं केलं. वाडा आणि चर्च एकाच धन्याने, दोन-तीन वर्षांच्या अंतराने बांधलेले. एवढा पैसा कुठून आला? याच प्रश्नाशी मी सगळ्यात जास्त थांबलो, आणि वाचकानेही थांबावं असं मला वाटतं.

त्या काळी स्वीडन तीस वर्षांच्या युद्धात उतरलं होतं. सैन्य मोठं, खजिना रिकामा. सरदारांना आणि अधिकाऱ्यांना पैसे देता येत नव्हते, म्हणून मुलखांचे वसूल वाटले गेले. राणी क्रिस्तीनाच्या कारकिर्दीत तर या वाटपाला धरबंद राहिला नाही. नव्या उमराव घराण्यांची रांग लागली, काउंट आणि बॅरनच्या पदव्या वाटल्या गेल्या, प्रत्येक पदवीमागे जमीन आली. फ्लेमिंगांनाही 1651 मध्ये पूर्व फिनलंडमधल्या लिपेरीची बॅरनी मिळाली. कारेलियाच्या जंगलातले शेतकरी सारा भरणार आणि तो शेकडो किलोमीटर दूर राहणाऱ्या धन्याच्या पदरात पडणार. 1650 च्या दशकात राज्यातल्या जमिनीच्या उत्पन्नाचा अर्ध्याहून मोठा वाटा उमरावांकडे गेलेला होता. लोउहिसारीचं वैभव याच पैशातून आलं.

1650 च्या राजसभेत शेतकरी, व्यापारी आणि पाद्री हे तिन्ही वर्ग एकत्र आले आणि वाटलेल्या जमिनी परत घ्या अशी मागणी त्यांनी लावून धरली. तिचं कारण सरळ होतं. उमरावांना माफी असल्याने सगळा बोजा उरलेल्यांवर पडत होता. शेतकऱ्यांना आणखी एक भीती होती: आज सारा उमरावाकडे जातो, उद्या जमीनही त्याचीच ठरेल. राणीने मागणी पुढे ढकलली आणि 1654 मध्ये ती गादी सोडून गेली. तिच्यानंतर आलेल्या कार्ल दहाव्याला पोलंडवर स्वारी करायची होती आणि हातात दमडी नव्हती. 1655 मध्ये त्याने वाटलेल्या जमिनींचा चौथा हिस्सा खालसा करायचा निर्णय घेतला. त्यासाठी खास खातं काढलं, आणि त्या खात्याच्या प्रमुखपदी बसवला हेर्मन फ्लेमिंगला.

साल पुन्हा वाचा. ज्या वर्षी हेर्मनचा वाडा पुरा झाला, त्याच वर्षी उमरावांच्या जमिनी परत काढून घेण्याचं काम त्याच्या गळ्यात पडलं. आणि त्याने ते मनापासून केलं. तो कागदपत्रं तपासायला चिकाटीचा होता, बड्या घराण्यांशी वैर घ्यायला कचरला नाही. त्याचा परिणाम लवकरच दिसला. कार्ल दहावा 1660 मध्ये वारला. त्याने मृत्युपत्रात हेर्मनला राज्याचा मुख्य खजिनदार नेमलं होतं. बड्या उमरावांनी मृत्युपत्रच मानायला नकार दिला आणि त्याला राज्यकारभारातून बाजूला सारलं. 1664 मध्ये फिनलंडचा गव्हर्नर जनरल म्हणून त्याची रवानगी झाली. ते पद मोठं होतं, पण स्टॉकहोमच्या दरबारापासून लांब. 1669 पर्यंत तो त्या पदावर राहिला आणि 1673 मध्ये वारला.

ज्या व्यवस्थेवर आपलं घर उभं आहे तिच्यावरच घाव घालणारा माणूस मला इतिहासात फारसा भेटत नाही. तो शेतकऱ्यांचा कैवारी होता असं मी म्हणणार नाही. तो राजाचा माणूस होता आणि राज्य चालायला खजिना भरलेला हवा हे त्याला पटलेलं होतं. तरी स्वतःच्या वर्गाचा रोष ओढवून घ्यायला धैर्य लागतं, आणि ते त्याच्यापाशी होतं.

वाड्याच्या आत

हेर्मनच्या वाड्याची रचना त्या काळच्या उमरावी जगण्याचा नकाशाच आहे. तळमजल्यावर स्वयंपाकघर, कोठारं आणि नोकरांच्या खोल्या. जाड भिंती आणि कमानी. मधल्या मजल्यावर घरच्यांचं रोजचं राहणं. आणि सगळ्यात वरती मेजवानीचं भव्य दालन, पाहुण्यांसाठीच्या खोल्यांसह.

आज आपल्याला हे उलटं वाटेल. पाहुण्यांना वरच्या मजल्यावर कशाला चढवायचं? पण जिना चढत जाणं हाच त्या काळी मानाचा भाग होता. पाहुणा घरच्यांचं राहणं ओलांडून वर जायचा, आणि शेवटी समोर यायचं उंच दालन आणि खिडक्यांतून दिसणारं धन्याचं रान. हाल सोसायचे नोकरांनी. प्रत्येक ताट तळातल्या चुलीपासून त्या दालनापर्यंत जिन्याने चढवायचं. अन्न गरम राहत असेल का, याचा विचार ते जिने बघताना मनात येतोच.

हिवाळ्यात त्या वरच्या दालनाचा उपयोग फार कमी होत असणार. एवढी जागा शेकोटीने गरम ठेवणं म्हणजे जंगल जाळण्यासारखं. म्हणून 18व्या शतकात मालकांनी पैसा लावला तो मधल्या मजल्यावर, जिथे खरोखर राहायचं होतं. तो मजला नव्या चालीनुसार बदलला गेला. तळमजला आणि वरचा मजला मात्र बराचसा 17व्या शतकातलाच राहिला. आज एकाच घरात दोन शतकं एकावर एक बघायला मिळतात, याचं कारण हे.

मालकांनी वरचा मजला का बदलला नाही याला आणखी एक कारण आहे, आणि ते परत जमिनीपाशी जातं. 1680 मध्ये कार्ल अकराव्याने मोठी जमीनवापसी सुरू केली. हेर्मनच्या काळात चौथा हिस्सा होता, आता जवळपास सगळ्याच मोठ्या देणग्या खालसा झाल्या. लिपेरीसारख्या बॅरन्या गेल्या. दूरच्या मुलखातून येणारा वसूल आटला आणि उमराव बरेचसे पगारी अधिकारी झाले. त्यानंतर फिनलंडमध्ये अशा थाटाचे वाडे बांधण्याची ऐपतच फारशी कोणाची उरली नाही. पुढच्या शतकातले बहुतेक उमरावी वाडे लाकडी आहेत, आटोपशीर, पिवळ्या किंवा लाल रंगाचे.

त्यातच 1713 ते 1721 रशियाचं सैन्य फिनलंड व्यापून बसलं. फिनिश लोक या काळाला 'मोठा कोप' म्हणतात. ज्यांना शक्य होतं ते उमराव, अधिकारी, पाद्री समुद्र ओलांडून स्वीडनला पळाले. शेतकरी मागे राहिले आणि त्यांनी सोसलं.

नवे धनी

1795 मध्ये लोउहिसारी मॅनरहाइम घराण्याकडे आलं. फ्लेमिंग मध्ययुगीन उमराव होते, मॅनरहाइम नव्या जातीचे. त्यांचा पूर्वज हिन्रिक मारहाइन हा 17व्या शतकात हँबर्गकडून स्वीडनला आलेला, धंदापाण्यातला माणूस. त्याच्या मुलाने सरकारी चाकरीत नाव काढलं आणि 1693 मध्ये उमरावपद मिळाल्यावर आडनाव मॅनरहाइम झालं. म्हणजे ज्या काळात जुन्या घराण्यांच्या जमिनी खालसा होत होत्या, त्याच काळात हिशेब आणि कागद सांभाळणारे नवे लोक वर येत होते.

लोउहिसारीचा पहिला मॅनरहाइम म्हणजे कार्ल एरिक. तरुणपणी तो लष्करी अधिकारी होता. 1788 मध्ये राजा गुस्ताव तिसऱ्याने रशियाशी युद्ध सुरू केलं, तेव्हा आन्याला इथल्या छावणीत 113 अधिकाऱ्यांनी राजाच्या विरोधात एका जाहीरनाम्यावर सह्या केल्या. त्या कटात कार्ल एरिकही होता. त्याला अटक झाली, पण तो सुटला. वीस वर्षांनी त्याचं नाव परत पुढे आलं. 1808 मध्ये रशियाने फिनलंड जिंकायला सुरुवात केली आणि झार अलेक्झांडर पहिल्याने फिनलंडचे प्रतिनिधी सेंट पीटर्सबर्गला बोलावले. त्यांचा नेता होता कार्ल एरिक मॅनरहाइम.

तिथे त्याने जे केलं ते मला फार मोलाचं वाटतं. झारला हवं होतं की या प्रतिनिधींनी फिनलंडच्या वतीने बोलावं. कार्ल एरिक आणि त्याच्या सोबत्यांनी सांगितलं की देशाच्या वतीने बोलायचा अधिकार आम्हाला नाही, तो चारही वर्गांच्या राजसभेला आहे. पुढे मार्च 1809 मध्ये पोर्वो इथे राजसभा भरली आणि फिनलंडचे जुने कायदे, धर्म आणि हक्क कायम ठेवण्याचं वचन झारने दिलं. शंभर वर्षांची स्वायत्तता त्या वचनावर उभी राहिली. कार्ल एरिक पुढे नव्या सरकारचा प्रमुख झाला आणि त्याला काउंट ही पदवी मिळाली. पदवीला एक अट होती: ती फक्त थोरल्या मुलाकडे जाणार, बाकीचे बॅरनच राहणार. मार्शल मॅनरहाइम आयुष्यभर बॅरन राहिले, कारण ते थोरले नव्हते.

कार्ल एरिकचा मुलगा कार्ल गुस्ताफ कोर्टकचेरीत आणि प्रशासनात मोठ्या पदांवर होता, पण त्याचा जीव किड्यांत होता. भुंगेरे हा त्याचा विषय. अलास्का तेव्हा रशियाकडे होतं आणि तिथे काम करणारे फिनिश लोक त्याला नमुने पाठवत. सिटका आणि अल्युशियन बेटांवरच्या भुंगेऱ्यांवर त्याने 1843 मध्ये लिहिलेलं काम आजही संशोधक काढून बघतात. त्याची एक मुलगी आना मारिया हिने आडोल्फ एरिक नूर्डेनशल्ड याच्याशी लग्न केलं. हाच नूर्डेनशल्ड पुढे 1878-79 मध्ये 'वेगा' जहाज घेऊन युरोप-आशियाच्या उत्तरेकडच्या बर्फाळ समुद्रातून पॅसिफिकपर्यंत गेला.

कागदाची गिरणी आणि दिवाळं

भुंगेऱ्यांच्या अभ्यासक कार्ल गुस्ताफचे चिरंजीव कार्ल रॉबर्ट हे मार्शलचे वडील आणि काउंट. बुद्धिमान, रसिक, उदारमतवादी, नाटकं लिहिणारे. त्यांच्या बायकोचं नाव हेलेन फॉन युलिन. तिचे वडील फिस्कार्सच्या लोखंडाच्या कारखान्याचे मालक. केशरी मुठीच्या कात्र्यांमुळे फिस्कार्स हे नाव आज जगभर माहीत आहे. युलिन घराण्याला उमरावपद मिळालं ते 1849 मध्ये, लोखंडाच्या कमाईवर. एका बाजूला पदवी आणि जमीन, दुसऱ्या बाजूला कारखान्याचा पैसा. 19व्या शतकात युरोपभर अशी लग्नं होत होती.

गुस्ताफ, म्हणजे पुढचा मार्शल, जन्मला ते 1867 साल फिनलंडच्या इतिहासातलं अत्यंत वाईट साल. त्या मे महिन्यात हेलसिंकीचं सरासरी तापमान 2 अंशांपेक्षाही कमी होतं. जून उजाडला तरी अनेक तळ्यांवर बर्फ होता. पेरण्या उशिरा झाल्या, सप्टेंबरमध्ये दहिवर पडून उभं पीक करपलं. त्या दुष्काळात आणि त्यामागोमाग आलेल्या साथींत देशाची सुमारे 8 टक्के लोकसंख्या गेली. लोक झाडाच्या सालीचं पीठ मिसळून भाकरी भाजत होते आणि अन्नाच्या शोधात रस्त्याने निघाले होते. वाड्यातल्या बाळाच्या जन्माबरोबर हे सांगायलाच हवं.

दुष्काळानंतरच्या वर्षांत फिनलंडमध्ये पैशाची दिशा बदलली. शेतापेक्षा जंगल आणि नदीचा प्रवाह जास्त कमावून देऊ लागले. कार्ल रॉबर्टने 1872 मध्ये कुमी नदीवर कूसानकोस्कीला कागदगिरणी काढण्यात पुढाकार घेतला. कल्पना अगदी बरोबर होती. कागद पुढे फिनलंडचा सगळ्यात मोठा उद्योग झाला आणि कूसानकोस्की त्याचं मोठं केंद्र. पण कार्ल रॉबर्टच्या हाती तो नफा लागला नाही. जुगाराची कर्जं, मोठमोठे बेत आणि 1870 च्या दशकाच्या शेवटी आलेली मंदी यांत तो बुडाला. 1880 मध्ये दिवाळं निघालं. बायको आणि सात मुलं मागे ठेवून तो प्रेयसीबरोबर पॅरिसला निघून गेला.

लोउहिसारी त्याच्या बहिणीने, विल्हेल्मिनाने, विकत घेतलं. घर घराण्यातच राहिलं, पण हेलेन आणि मुलांना ते सोडावं लागलं. जानेवारी 1881 मध्ये हेलेन वारली. मुलं नातेवाइकांत वाटली गेली. गुस्ताफला मामाने, आल्बर्ट फॉन युलिनने, हामिनाच्या लष्करी शाळेत घातलं, कारण फी परवडण्यासारखी होती आणि पोरगं दांडगट होतं. तिथूनही त्याला 1886 मध्ये काढून टाकलं गेलं, रात्री परवानगीशिवाय बाहेर राहिला म्हणून. मग तो रशियाच्या घोडदळात गेला.

मार्शलच्या थोरल्या बहिणीबद्दल फार कमी लिहिलं जातं. सोफी मॅनरहाइम लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये, नाइटिंगेल यांच्या परिचर्या शाळेत शिकली. 1904 पासून ती हेलसिंकीच्या सर्जिकल हॉस्पिटलची मेट्रन होती आणि 1922 ते 1925 आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेची अध्यक्ष. फिनलंडमध्ये परिचर्येला शिकलेल्या बायकांचा मानाचा पेशा बनवण्यात तिचा वाटा फार मोठा आहे. माझ्या लेखी त्या वाड्यातल्या मुलांमध्ये तिचं नाव भावाच्या शेजारी घ्यायला हवं.

विल्हेल्मिनाने 1903 पर्यंत वाडा सांभाळला. मग तो विकला गेला आणि मॅनरहाइमांचा संबंध संपला.

कुळांचा हिशेब

वाड्याच्या गोष्टीत ज्यांची चित्रं भिंतीवर लागत नाहीत त्यांच्याकडे आता येऊ. मोठ्या जमीनमालकांच्या रानात 'तोर्पारी' राहायचे. तोर्पारी म्हणजे कूळ. त्याला रानाचा एक तुकडा मिळायचा. तिथे तो स्वतःच्या हाताने घर बांधायचा, दगड काढून शेत तयार करायचा, आणि भाड्यापोटी मालकाच्या शेतावर ठरलेले दिवस राबायचा. गोम अशी की मालकाला मजूर हवा असायचा नेमका पेरणी-कापणीच्या दिवसांत, म्हणजे कुळाचं स्वतःचं शेतही त्याची वाट बघत असायचं तेव्हाच. करार पुष्कळदा तोंडी. मालक बदलला किंवा त्याची मर्जी फिरली की आयुष्यभर कसलेलं शेत हातचं जायचं. उमरावच नव्हे, सधन शेतकरीही तोर्पारी ठेवायचे.

जानेवारी 1918 मध्ये स्वातंत्र्याला दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा फिनलंडमध्ये यादवी पेटली. लाल बाजूला कामगार, भूमिहीन मजूर आणि बरेच तोर्पारी. सरकारच्या, म्हणजे पांढऱ्या बाजूचे सरसेनापती होते लोउहिसारीत जन्मलेले गुस्ताफ मॅनरहाइम. मे महिन्यात पांढरे जिंकले. त्यानंतर छावण्यांमध्ये सुमारे 12,000 लाल कैदी भुकेने आणि रोगराईने मेले. फिनलंडमधल्या कित्येक कामगार घरांत मॅनरहाइम हे नाव पिढ्यान्‌पिढ्या आदराने घेतलं गेलं नाही, त्याचं कारण इथे आहे. 1939 मध्ये सोव्हिएत संघाने हल्ला केला आणि तेच सेनापती होते, तेव्हा हा दुरावा बराच कमी झाला. पुरता गेला असं म्हणता येणार नाही.

युद्ध जिंकणाऱ्यांनाही कळलं होतं की कुळांचा प्रश्न तसाच ठेवून देश चालणार नाही. 1918 च्या ऑक्टोबरमध्येच कायदा झाला आणि तोर्पारींना आपली शेतं जुन्या, स्वस्त दराने विकत घ्यायचा हक्क मिळाला. हजारो कुळं मालक झाली. पुढचा मोठा घाव 1945 मध्ये बसला. सोव्हिएत संघाला कारेलिया द्यावं लागलं आणि तिथून 4 लाखांहून जास्त लोक उठून आले. त्यांना आणि युद्धावरून परतलेल्या सैनिकांना जमीन द्यायची होती. 5 मे 1945 च्या कायद्याने मोठ्या जमीनमालकांकडून जमीन घेतली गेली, जितकी जमीन मोठी तितका हिस्सा जास्त. त्या वेळी देशाचे राष्ट्राध्यक्ष होते मार्शल मॅनरहाइम. उमरावी वाड्यांचा जमिनीशी असलेला जुना संबंध त्यांच्याच कारकिर्दीत बव्हंशी तुटला. 1951 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये लोझान इथे ते वारले.

आता

जमीन गेल्यावर असा वाडा खाजगी माणसाला झेपत नाही. छप्पर, भिंती, बाग सांभाळायचा खर्च घरगुती उत्पन्नातून निघत नाही. 1960 च्या दशकात, मार्शलच्या जन्मशताब्दीच्या सुमाराला, लोउहिसारी सरकारकडे आलं, त्याची डागडुजी झाली आणि ते लोकांसाठी खुलं झालं. आता ते फिनलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या व्यवस्थेखाली आहे.

तुर्कूला जाणं झालं तर उन्हाळ्यात जा, हिवाळ्यात ते बंद असतं. बहुतेक लोक मार्शलच्या खोलीकडे पहिली धाव घेतात. माझं मत विचाराल तर तळातल्या स्वयंपाकघरापासून सुरुवात करा, तिथे जरा वेळ थांबा, मग जिन्याने थेट वरच्या मेजवानीच्या दालनात जा आणि मधला मजला शेवटी बघा. गावातलं 1653 चं चर्चही जवळच आहे, ते चुकवू नका. ब्लॅककरंट नावाच्या फळझुडपाची पानं उकळत्या पाण्यात भिजत घालून, त्यात साखर आणि लिंबू घालून एक सरबत करतात. फिनलंडमध्ये ते 'लोउहिसारीचं पेय' म्हणूनच ओळखलं जातं. ते थंडगार प्यायचं, आणि जूनची कोवळी पानं त्याला सगळ्यात चांगली.